लीलाकाकूंचं खापर आणि पार्किंगमधला बाजार

किस्से ठेवायला माळा लागत नाही हे बरंय, नाहीतर सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माणसांना राहायला जागाच उरली नसती! एकट्या त्या रविवारचेच बघा. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, म्हणून बायकांनी ठरवलं की घरातली अडगळ काढायची आणि पार्किंगमध्ये मांडून विकायची.

सकाळी खाली जाऊन बघते तर काय, प्रत्येक टेबलावर साड्या! होणारच ना. कोणाचा नवरा लूमवर, कोणाचा दीर कापड मार्केटमध्ये, आणि आम्ही घरी बसून साड्यांना टिकल्या लावतो. सुरतेत सुरतवाल्यांना साड्या कोण विकणार? शेवटी आपसांतच अदलाबदल झाली. जेवढ्या साड्या खाली आल्या तेवढ्याच घरी परत गेल्या, आणि सगळ्या खूश!

मी एक स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलानं ते घासाघीस करून हौसेनं नेलं. पाच मिनिटांत परत आली ती तणतणत. "अगं, बुडाला माझंच नाव कोरलंय! तुझ्या वास्तुशांतीला मीच दिलेलं!"

मेले! पण गप्प बसेन तर मी कसली. म्हटलं, "बघ ना, किती जपून ठेवलंय!"

त्याच मंगलाचा जुना मिक्सर शेजारच्या हेतलबेननी पसंत केला. "चाले छे के नही?" म्हणून तिथल्याच प्लगला लावून बघितला आणि फट्! लाइट गेली, लिफ्ट अडकली. लिफ्टमध्ये कोण? आमचे हे, विकायच्या दोन खुर्च्यांसकट! मी दार बडवतेय, "अहो, ऐकू येतंय का? बरे आहात ना?"

आतून आवाज आला, "हेतलबेनना सांग, मिक्सर घेऊ नका!"

लाइट आली, हे खुर्च्यांसकट बाहेर आले. असं सगळं हसणं-खिदळणं चाललेलं, पण माझं लक्ष लीलाकाकूंकडे होतं. कोपऱ्यात आपलं मातीचं खापर घेऊन बसल्या होत्या. ते चुलीवर उपडं ठेवायचं आणि हातावर मोठा करत नेलेला पुरणाचा मांडा त्यावर टाकायचा. आम्हा खानदेशी लोकांना त्याशिवाय आखाजी वाटतच नाही. पण काकूंचा खांदा गेला, मांडे बंद झाले, आणि माळ्यावर जागा अडते म्हणून खापर विकायला निघालं. काकूंचं म्हणणं एकच, जाईल त्या घरी ते जाळावर चढलं पाहिजे. फार वाईट वाटत होतं हो त्यांच्याकडे बघून.

एकानं विचारलं, "पाखरांना पाणी ठेवायला चालेल का?" काकूंनी खापर आणखी जवळ ओढलं. मग हेतलबेन आल्या, कुंडी शोधत. "लीलाबेन, आमां तुळसी सरस लागशे!"

काकू भडकल्या. "हाई खापर शे, कुंडी नई!"

पण संध्याकाळ झाली तरी दुसरं कोणी फिरकेना. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि हेतलबेनना म्हणाल्या, "घेऊन जा. तुळस तर तुळस."

शेजारीच काकूंचे यजमान, भिकाकाका, पेपर वाचत बसले होते. जन्मात पाण्याचा ग्लास स्वतः भरून न घेतलेला माणूस! त्यांनी पेपर बाजूला ठेवला, खापर उचललं आणि जिना चढायला लागले.

"अहो, दिलं ना ते!" काकू ओरडल्या.

"राहू दे," काका म्हणाले, आणि हेतलबेनना खापराच्या बदल्यात आमच्या ह्यांची एक खुर्ची दाखवून वर गेले.

आखाजीला गच्चीवर विटांची चूल पेटली. खुर्चीत काकू, चुलीपुढं बाह्या दुमडून काका, आणि भोवती अख्खी बिल्डिंग. काकूंचं चालू होतं, "मनगट फिरवा, बोटं नई!" मांडा फिरला, वाढला, चांगला हातभर झाला, आणि खापर सोडून थेट राखेत पडला! काका कानापर्यंत लाल. हसायची कोणाची हिंमत होईना.

काकूंनी दुसरा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. "टाका. आखाजी दिवसभर शे."