वहिनीला सांगितलेली फिलिपिनो मालिका

वहिनीचा पाय मोडला म्हणून आमच्या घरात फिलिपिनो मालिका सुरू झाली. एरवी ती माझ्या मोबाइलमध्ये, इयरफोनच्या आतच राहिली असती. चार वर्षं तशीच राहिली होती.

मी बीडला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. मे महिन्यात एक बॅच संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस मोकळे मिळतात. तेव्हा मी युसूफ वडगावला घरी जातो. त्या वर्षी गेलो तर वहिनी पुढच्या खोलीत बाजेवर, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पाण्याच्या टाकीवरून उतरताना घसरली होती. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ती एका जागी बसणारी बाई नव्हे. दादा शेतात गेला की बाजेवरूनच अख्खं घर चालवायची. ते चालवून झालं की चिडायची. तिच्या नेहमीच्या मालिकांवरही तिचा राग निघायला लागला होता. एकीत सून तीन दिवस जिन्यावरून पडतच होती. मी एका मिनिटात पडले, वहिनी म्हणाली, हिला एवढा वेळ कावून लागतो?

मग तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला. कानात बोंडं घालून दिवसभर काय बघता, ते मला दाखवा, म्हणाली. मी म्हणालो, ते परदेशातलं आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. तर म्हणाली, तुम्ही पोरांना इंग्रजी शिकवता ना, मग मला मराठीत सांगा.

आता काय सांगू? मालिका फिलिपिन्समधल्या एका समुद्राकाठच्या गावातली. एक पोरगा आईची बेकरी चालवतो. दुसरा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्सचं काम करतो. दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. मला ती तोंडपाठ होती. तिच्या चाहत्यांच्या एका ग्रुपमध्ये मी होतो, आणि तिथेच मला माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा एक दोस्त मिळाला होता. तिकडे प्राथमिक शाळेत मास्तर, आणि माझ्यासारखाच. फरक एवढाच, की हे त्याच्या गावाला माहीत होतं आणि माझ्या गावाला नव्हतं.

मोबाइल टीव्हीला जोडला. वहिनी उशीला टेकून बसली. आई खाली पोतं अंथरून चिंचा फोडत होती. तिला मालिकेत रस नव्हता, पण खोलीत पंखा होता. मी टीव्हीशेजारी खुर्चीवर बसलो आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लागलो. पहिल्याच दिवशी मी लबाडी केली. बेकरीवाला म्हणायचा, तुला बघितल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. मी सांगायचो, लई दिवसांनी भेटलास दोस्ता. दुसरा लाजून खाली बघायचा. मी सांगायचो, त्याचं डोकं दुखतंय.

वहिनी टक लावून बघत होती. आईनं मात्र पहिल्या तासातच दोघांना नावं ठेवून टाकली. एक पाववाला, दुसरा ब्रदर. आपल्याकडे दवाखान्यात बापई नर्सला ब्रदरच म्हणतात. पाववाल्याचा बाप जहाजावर कामाला, वर्षातून एकदा घरी येतो, हे मी सांगितल्यावर आई पहिल्यांदा मान वर करून नीट बघायला लागली. तिचं माहेर शिरूर कासारकडचं. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं आणि मागं राहिलेली म्हातारी-पोरं तिनं लहानपणापासून पाहिली होती. ही जहाजाची गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही.

मला ती मालिका आवडायची त्याचं कारणही काहीसं हेच होतं. प्रेम सगळीकडेच दाखवतात. इथं प्रेमाच्या आजूबाजूला घर होतं. ओला टॉवेल खाटेवर टाकला म्हणून आई पोराला रागवायची, आणि लगेच दोघांना जेवायलाही वाढायची. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत माझ्यासारखा माणूस यायचा तो मान वेळावत, हात नाचवत. लोक हसायचे. कॉलेजात असताना हॉटेलातल्या टीव्हीसमोर मीही हसलो आहे, दोस्तांपेक्षा जरा मोठ्यानं.

चौथ्या दिवशी ब्रदरची बदली झाली. स्टँडवर गाडी लागलेली, पाववाला धावत आला आणि रडत इंग्रजीतले ते तीन शब्द बोलला. मी म्हणालो, तो म्हणतोय, पोचलास की फोन कर.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मला इंग्रजी येत न्हाई, पण डोळे हायेत. आन लव म्हंजे काय, तेवढं मलाबी कळतंय."

मी टीव्ही बंद केला. लाइटचं कारण सांगायची सोय नव्हती, कारण पंखा फिरत होता. चार्जिंग संपलं, असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन फिलिपिन्सच्या दोस्ताला सगळं लिहिलं. त्यानं आधी हसून घेतलं. मग लिहिलं, आमच्या भाषेत तो आणि ती या दोन्हींना एकच शब्द आहे, सिया. तुम्ही लोकांनी क्रियापदाला लिंग चिकटवून स्वतःचीच पंचाईत करून घेतली आहे. तरीपण आमच्याकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नकोस, त्यानं पुढं लिहिलं. गावच्या जत्रेत सौंदर्यस्पर्धा भरवायला, कपडे शिवायला, पोरींचे केस करायला मी सगळ्यांना हवा असतो. जोडीदाराला घेऊन चर्चमध्ये बसलो की मात्र शेजारचे जरा सरकून बसतात. शेवटी एकच सल्ला दिला. मास्तर आहेस, चुकीचं भाषांतर करू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा खुर्चीवर बसलो आणि ते स्टँडवरचं पुन्हा लावलं. या वेळी जसं होतं तसं सांगितलं. तो म्हणतोय, माझा तुझ्यावर जीव जडलाय, जाऊ नको. वहिनी टीव्हीकडेच बघत होती. आईच्या हातातली चिंच फुटली, चिंचोका बाजूला पडला, तिनं दुसरी चिंच घेतली. एवढंच झालं.

मग पुढच्या भागात पाववाल्याच्या आईला कळतं, ती हंबरडा फोडते आणि पोराचं लग्न एका मुलीशी ठरवायला निघते. मी थांबत थांबत सांगत होतो. आई मध्येच बोलली, आणि ती माझ्याशी नाही, टीव्हीतल्या बाईशी बोलत होती.

"रडतीस कावून? पोरगं जित्तं हाय, धडधाकट हाय, कमवून घालतंय. आन त्या पोरीनं तुझं काय वाईट केलं? तिचं कशापायी वाटुळं करतीस?"

मला पुढचं वाक्य वाचताच येईना. त्याच रविवारी शिरूर कासारहून आमच्याकडे एक स्थळ यायचं होतं. मुलगी डी.एड. झालेली, फोटो कपाटात ठेवलेला. आणि तो फोटो आईनंच मला दोनदा दाखवला होता.

थोड्या वेळानं आई चिंचेची टोपली घेऊन आत गेली. वहिनीनं रिमोटनं आवाज बारीक केला.

"तुमचं पण असंच हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

मी टीव्हीवरच्या चित्राकडे बघत बसलो. मग ती म्हणाली, ती विणायची सुई द्या, प्लास्टरच्या आत लई खाज सुटलीय. मी सुई दिली. तिनं डोळे मिटून पाय खाजवला आणि त्यातच विचारलं, बीडला कुणी हाय का? मी नाही म्हणालो. तिला वाईट वाटलं असावं. एवढ्या मोठ्या बीडात एक बी न्हाई, म्हणाली. मला हसू आलं, मग तिलाही आलं, आणि आतून आईनं विचारलं, की त्या पाववाल्याचं काही चांगलं झालं का.

संध्याकाळी वहिनीनं दादाला सांगितलं, रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा, घरात बाई बाजेवर पडलीय, चहा कोण करणार. दादानं तिथंच फोन लावला. पाहुणे समजूतदार निघाले, पाय बरा झाल्यावर बघू म्हणाले. दादाला खरं कारण तिनं कधी सांगितलं, ते मला माहीत नाही. पण पंधरा दिवस संपल्यावर मोटारसायकलवरून मला फाट्यावर सोडताना तो आरशात न बघता म्हणाला, "स्थळांचं मी बघतो. त्या पोरीच्या घरी काय सांगायचं ते सांगतो. तू टेन्शन घेऊ नको." मग खोलीत डास होतात का, पाणी रोज येतं का, असलं विचारत राहिला. बीडची गाडी आली तेव्हा माझी बॅग त्यानंच वर चढवून दिली. एरवी तो गाडीला किक मारून केव्हाच निघून गेलेला असतो.

आईला मी अजून तोंडानं काही सांगितलेलं नाही. तिनंही विचारलेलं नाही. कपाटातले फोटो कमी झाले आहेत, एवढं मी पाहिलं. ती टीव्हीतल्या बाईशी जे बोलली ते तसं तिला माझ्या तोंडावर बोलता येईल का, याची मला खात्री नाही, आणि तिलाही नसावी. घाई दोघांनाही नाही.

वहिनी आता चालते, अगदी पहिल्यासारखी, आणि पहिल्यासारखीच चिडते. मी आता दर रविवारी घरी जातो, आणि शनिवारी तिचा फोन येतो, की उद्या येताना कुठली मालिका आणताय. त्या मालिकेनंतर आम्ही आणखी दोन पाहिल्या. शेजारच्या दोन बायाही येऊन बसतात आणि मी सगळ्यांसाठी मोठ्यानं सांगतो. गेल्या रविवारी नवीन लावणार तेवढ्यात आईनं अट घातली, की या वेळी कमी रडणारी बघ, आणि समुद्र जरा जास्त दाखवतील अशी बघ. मी दोस्ताला तसं कळवलं. त्यानं पाच नावं पाठवली आहेत.