जेटमधली तार

कळंबच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही, पण त्याचा राग आजही आठवतो. तेव्हा मी डिंभ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. पेट्रोल वाचावं म्हणून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, मी तांब्याची तार घातली होती. बरेच जण घालत. आईला मागे बसवून नारायणगावला निघालो आणि कळंबला माझी टू-स्ट्रोक गाडी बंद पडली.

मिस्त्रीने प्लग काढून माझ्या नाकासमोर धरला. टोक चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. मग जेट उघडून त्याने तार चिमटीत धरली आणि तो भडकला.

"पेट्रोलातूनच ऑइल जातं, गुरुजी! पेट्रोल अडवलं की पिस्टन कोरडा. उतारावर चाक जाम झालं असतं, तर म्हातारी कुठं पडली असती?"

"ओरडू नका. मी बीएस्सी आहे," मीही तापलो.

"मग तर लई वाईट. अडाणी माणूस निदान विचारतो तरी."

प्लगला बिस्किटाचा, म्हणजे पेट्रोल नीट मिळत असल्याचा, रंग येईपर्यंत तो पुन्हापुन्हा गाडी चालवून बघत राहिला. शेवटी तार त्याने आईच्या हातात दिली.

"तुमीच ठेवा, आई. याच्या हाती देऊ नका."

मी घरातला पहिला पदवीधर; माझ्या आईने ती तार पदराच्या गाठीत बांधून ठेवली.