माळ्यावरचा चौथा

काल लॅपटॉप तापून धूळ जळल्याचा वास आला आणि चारकोपचा आमचा गाळा आठवला. तिथे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कदमांनी भंगारातले तीन कॉम्प्युटर जोडून अख्ख्या कंपनीचा कारभार उभा केला होता. रोज एक वाजता सगळ्यांच्या स्क्रीनवर त्यांचा मेसेज यायचा, ‘जेवून घ्या.’

कदम अचानक वारले. पुढच्याच आठवड्यात आम्ही नवीन सर्व्हर बसवून ते तिन्ही कॉम्प्युटर बंद केले. एक वाजला आणि मेसेज आला.

“तू पाठवलास?” मी शेजारच्या सुनीताला विचारलं.

“काढलेल्या वायरी तुझ्याच हातात आहेत ना रे,” ती हळूच म्हणाली.

आज वाटतं, गाळ्याच्या माळ्यावर कदमांनी जोडलेला एखादा चौथा कॉम्प्युटर चालू राहिला असणार. तेव्हाही तसंच वाटलं होतं. पण वर बघायला कोणी चढलं नाही. कदमांच्या खुर्चीकडे न बघता आम्ही मुकाट्याने डबे उघडले.