बर्फ पडताना बघायचाय

बर्फाचे किस्से कुणाकडे साठत असतील? सिमला-मनालीच्या लोकांकडे, असं तुम्हाला वाटत असेल तर साफ चूक. त्यांच्याकडे बर्फ असतो. सकाळी उठून फावड्याने लोटायचा, गाडीची काच खरवडायची, नळ गोठला म्हणून शिव्या घालायच्या, यातच त्यांचा दिवस जातो. किस्से साठतात आमच्या कांदिवलीत, जिथे जानेवारीतसुद्धा पंखा एकवर ठेवून झोपतात. वाट बघणाऱ्या माणसाला बोलायला भरपूर वेळ असतो.

आम्ही चौघं. मी उज्ज्वला, अंधेरीत एका विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघते आणि फायलींच्या मधे हिमालयावरचे ढग बघते. मुलुंडचे कांबळे सर, शाळेत विज्ञान शिकवतात. निखिल पवईला आयटीत आहे, आमच्यात सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यांच्या शिव्या त्यालाच. आणि कांदिवलीच्या परबकाकी. काकींनी आयुष्यभर पोळी-भाजी केंद्र चालवलं, त्यांच्या दोन्ही हातांवर तव्याचे डाग आहेत. एरवी त्या आपल्यासारखंच बोलतात. राग आला किंवा आनंद झाला की मालवणी सुरू होते.

*

आम्ही एकमेकांना सापडलो ते मनालीला, एका टूरमध्ये. बर्फ बघायला म्हणून सगळे गेलेले, आणि वर लख्ख ऊन. बस वर घेऊन गेली, तिथे आधी पडलेला बर्फ होता. जरा मळका, पण बर्फ. लोकांनी लोळून घेतलं, फोटो काढले, झालं त्यांचं.

रात्रीच्या जेवणाआधी हॉलमध्ये अंताक्षरी चालू होती आणि आम्ही चौघं अनोळखी माणसं कोपऱ्यात एकाच फोनवर उद्याचं हवामान बघत बसलो होतो. टूर मॅनेजर वैतागून म्हणाला, "काकी, बर्फ बघितलात ना आज? अजून काय पाहिजे?"

काकी म्हणाल्या, "बर्फ मी रोज बघते मासळी बाजारात. पापलेटाच्या खाली असतो. मला पडताना बघायचाय."

दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याने पायरीवर उभं राहून मूठभर बर्फ वरून त्यांच्या डोक्यावर सोडला. "घ्या, पडला."

"गणपतीच्या मखराचा थर्माकोल पण असाच पडतो," काकी म्हणाल्या आणि केस झटकून आत गेल्या. त्या क्षणी मी त्यांची चाहती झाले.

*

तेव्हापासून दिवाळी उलटली की दर रविवारी सकाळी काकींच्या घरी आमची बैठक. निखिल टीव्हीला लॅपटॉप जोडतो, काकी आंबोळ्या घालतात, आणि आम्ही वाऱ्याचा नकाशा बघतो. हिमालयातला बर्फ पश्चिमेकडून येतो. पार इराण-अफगाणिस्तानाकडून ढगांचा एक पट्टा निघतो, तो डोंगराला येऊन धडकतो आणि मग बर्फ. आम्ही त्या पट्ट्याला पाहुणा म्हणतो. नकाशावर तो हलताना बघायचा, हा आमचा छंद. शेजारच्या घरातून क्रिकेटची आरडाओरड ऐकू येते, आणि आमच्याकडे चार माणसं एका ढगाकडे बघत गप्प बसलेली असतात.

हसू नका. एवढा मोठा ढग, दोन-तीन देश ओलांडून, कुणी ढकलत नसताना येतो, आणि तो कधी पोचणार हे आपल्याला कांदिवलीत आंबोळी खाताना कळतं. मला अजूनही दर वेळी अंगावर काटा येतो.

*

माझ्या ऑफिसातही हे पसरलं. एकदा स्क्रीनवर नकाशा उघडा राहिला आणि मागे साहेब उभे. मला वाटलं, वाट लागली.

"हे जांभळं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काश्मीरमधला बर्फ, सर. परवाचा."

"परवा तर अजून यायचाय."

"हो, तेच."

ते केबिनमध्ये गेले. मला वाटलं, आता मेमो येणार. थोड्या वेळाने आपली खुर्ची ढकलत ते स्वतःच आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पुन्हा चालवा. सुरुवातीपासून." त्या दिवशीची रिव्ह्यू मीटिंग पाहुणा लडाखकडे वळल्यावर सुरू झाली.

*

आमच्या ग्रुपचा एकच कायदा आहे. कुणालाही बर्फ पडताना सापडला की त्याने सगळ्यांना तिथून लाइव्ह व्हिडिओ कॉल करायचा. रेकॉर्ड केलेलं काही पाठवायचं नाही. व्हिडिओ काय, फोनमध्ये ढिगाने पडलेत. आत्ता पडतोय तो आत्ता बघायचा.

पहिला मान निखिलचा. तो गुलमर्गला गेला आणि एका दुपारी त्याचा कॉल आला. आम्ही धावत फोन उचलला, तर पडदाभर निखिलचं नाक.

"पडतोय! यार, काय पडतोय! दिसतोय ना?"

"कॅमेरा फिरव!" तिघं एकदम ओरडलो.

"अरे काय झकास पडतोय, बघा ना, बघा..."

"मेल्या, कॅमेरो फिरव!" हे काकींचं.

त्याला कळलं तोवर नेटवर्क गेलं. आम्हाला मिळालं ते निखिलचं नाक आणि टोपीवरचे चार पांढरे ठिपके. त्यानंतर वर्षभर त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, 'कॅमेरा फिरव' हेच त्याचं नाव. आजही आमच्यात कुणाचाही व्हिडिओ कॉल आला की नमस्कार-चमत्काराच्या आधी तेच वाक्य येतं. कांबळे सरांच्या मुलीच्या साखरपुड्याला मी जाऊ शकले नाही, म्हणून सरांनी हॉलमधून कॉल लावला. मुलगी समोर नटून उभी, आणि सवयीने माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले, "सर, कॅमेरा फिरवा." सरांनी मुकाट्याने फिरवला. मग मी दहा मिनिटं केटररचे काउंटर बघितले.

*

कांबळे सर मात्र कायदा मोडणारे पहिले.

सर बोलायला लागले की थांबत नाहीत. मूळचे अकोल्याकडचे, उन्हाळ्यात पत्रे तापतात त्या घरात वाढलेले. शाळेत हिमकण शिकवायला ते घरच्या जुन्या फ्रीजमधला बर्फ चमच्याने खरवडून थर्मासमधून नेतात. फळ्यावर सहा हातांचा हिमकण काढतात, तो सहाच हातांचा का, हे पोरांना तासभर सांगतात. घंटा झाली तरी सांगतात.

मग एका सुट्टीत ते औलीला गेले. हिमकण नीट दिसावा म्हणून काळी छत्री घेऊन गेले. चार दिवस फोन नाही. परत आल्यावर रविवारी आले आणि गप्प बसून आंबोळी खायला लागले.

"पडला का?" मी विचारलं.

"पडला."

"मग कॉल?"

"सुचलंच नाही."

काकींनी उलथनं खाली ठेवलं. "सर, कायदा कुणी केला होता?"

सरांनी हातातला घास ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "छत्रीवर एक येऊन बसला. सहा हात होते."

निखिल म्हणाला, "सर, सहा हात असतात हे तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवतो रे," सर म्हणाले. "पण खरंच होते."

त्या दिवशी सर एवढंच बोलले. त्यांना शिक्षा म्हणून काही करायचं आम्ही ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

*

राहिल्या काकी आणि मी; माझं सोडा, मला रजाच मिळत नाही. मनालीनंतर आमच्या अंदाजाच्या भरवशावर काकी कुफ्रीला गेल्या. हॉटेलवाला दारातच म्हणाला, "माताजी, कल ही गिरा." आम्ही तिघांनी पुढचे दोन रविवार मान खाली घालून आंबोळ्या खाल्ल्या.

त्यानंतर त्या सुनेला, स्नेहाला, घेऊन पहलगामला गेल्या. दुपारी जेवण झालं आणि काकींचा डोळा लागला. उठल्या तेव्हा बाहेर सगळं पांढरं, झाडं पांढरी, छपरं पांढरी, आणि वर स्वच्छ निळं आकाश. त्या झोपल्या होत्या तेवढ्यात पडून गेला होता. स्नेहाने दमल्या असतील म्हणून उठवलं नव्हतं. बिचारीने मायेनेच केलं, पण काकी कांदिवली येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

निखिलने काकींना चिडवायला ग्रुपवर टाकलं, 'हिमालयात ऊन हवं असेल तर परबकाकींशी संपर्क साधा.' काकींनी खाली लिहिलं, 'येत्या रविवारी आंबोळी मिळणार नाही.' त्याला खरंच मिळाली नाही.

*

यंदा नोव्हेंबरात काकींनी तव्यावर आंबोळी उलटता उलटता सांगितलं, "छातीचा डॉक्टर म्हणतो, धूर खाऊन खाऊन फुप्फुसं गेली. यंदा एकदा जाऊन या म्हणतो, तेही फार वर नको. त्यानंतर डोंगर बंद."

निखिलने उगीच नकाशा मोठा केला, मग लहान केला.

यावेळी तारीख ठरवून जायचं नाही, असं पक्कं झालं. बॅग भरून दाराशी ठेवायची, आणि पाहुणा नक्की येतोय असं दिसलं की निघायचं. काकींनी बर्फातले बूट आधीच आणले आणि गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून ते घालून बाजारात जायला लागल्या. भाजीवाल्याने विचारलं, "आजी, कुठं निघालात?"

"बर्फात."

"कधी?"

"पडायच्या आधी," काकी म्हणाल्या आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली.

डिसेंबर कोरडा गेला. अर्धा जानेवारी कोरडा गेला. माझी झोप उडाली होती, खरं सांगते. मग एक पाहुणा निघाला. चांगला जाडजूड. पण एक अंदाज म्हणे तो नारकंड्यावर येणार, दुसरा म्हणे उत्तरेकडून निसटणार. नारकंडा सिमल्याच्या थोडं पुढे, डॉक्टरच्या अटीत बसणारं. सर म्हणाले, पुढच्यासाठी थांबू. निखिल म्हणाला, काकींना निघू द्या. दोघं माझ्याकडे बघायला लागले. आमचं चुकलं तर आमचा रविवार वाया जाणार, काकींचं सगळंच जाणार.

काकींनी सरांना विचारलं, "याच्यामागून दुसरा येईल?"

"येईल. बहुतेक."

"बहुतेक नको. मी हाच धरते."

*

नारकंड्याला त्या आणि स्नेहा पाहुण्याच्या आदल्या दिवशी पोचल्या. स्नेहाला सक्त ताकीद होती, माझा डोळा लागला तर चिमटा काढ.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, सर स्टाफरूममध्ये, निखिल पवईला. ग्रुपवर सकाळी काकींचा मेसेज, 'ऊन.' जेवायच्या सुट्टीत पुन्हा, 'ऊन.' साहेब खुर्ची घेऊन माझ्या शेजारी. उपग्रहाच्या चित्रात ढग पार नारकंड्याच्या उंबरठ्यावर आलेला दिसत होता, आणि तिथेच अडून बसला होता. सर लिहीत होते, 'वारा वळतोय का?'

मग काकींचा मेसेज आला, 'ढग.'

त्यानंतर काहीच नाही. मी फोन लावला, लागेना. स्नेहाचा लागेना. निखिलने लिहिलं, 'निसटला वाटतं.' मी त्याला ग्रुपमधून काढून टाकणार होते. साहेब दोन वेळा उठून पाणी पिऊन आले. मी देवाचं नाव फारसं घेत नाही, त्या दिवशी घेतलं.

आणि व्हिडिओ कॉल आला.

तिघांनी एकदम उचलला. पडदाभर काकींचा चेहरा. माकडटोपी, लाल नाक, वर वळलेली हनुवटी. कॅमेरा स्वतःकडेच धरला होता त्यांनी. मागे नुसतं करडं आभाळ. त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या, वर बघत होत्या. तोंड थोडं उघडं होतं. भुवईवर एक पांढरा कण येऊन बसला, मग पापणीवर एक. त्यांनी डोळा मिटला नाही.

"बघा रे," त्या हळूच म्हणाल्या. "कसो येता बघा. आवाजच नाय तेचो."

साहेब माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, "अहो, यांना सांगा, कॅमे..." मी त्यांच्या पायावर पाय दिला. अप्रेझल तोंडावर होतं, तरी जोरात दिला.

काकींनी स्वेटरची बाही वर सारली आणि हात पुढे धरला, तव्याच्या डागांचा तो हात. त्यावर बर्फ पडत होता आणि विरत होता, पडत होता आणि विरत होता. काकी हसल्या. मग रडल्या, मग परत हसल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पडद्यावर सरांच्या चौकटीत सर चष्मा काढून बसले होते. निखिल बोलायला गेला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

"दिसता मा रे सगळ्यांक?" काकींनी विचारलं. "नीट दिसता मा?"

निखिलने तोंडावरचा हात काढला. मग म्हणाला, "एकदम नीट दिसतंय, काकी. फोन हलवू नका. असाच धरा."