भिंतीला गहू उगवला तेव्हा

भिंतीला मोड आले होते. शकीलानं दारातूनच ओरडून सांगितलं, "मावशी, दिवार कू दाढी आ गई!" मला वाटलं, थट्टा करतीय. शकीला पिशोरची, माझ्या टोळीतल्या सात बायांची मुकादम, आणि थट्टेशिवाय तिचा गारा मळलाच जात नाही. आत जाऊन बघते तर खरंच. चारी भिंतींवर बोटभर गहू, हिरवागार.

करमाडजवळच्या एका कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरचं काम होतं. पत्र्याखाली शिकणारी पोरं-पोरी शिजत होती, म्हणून मातीच्या गार खोल्या हव्या होत्या. आधी एक सॅम्पल खोली. ती पास झाली तर उरलेल्या सहा आमच्या, म्हणजे बायांना वर्षभर काम. दोन दिवसांनी हेड ऑफिसच्या मॅडम बघायला येणार होत्या.

आमच्या भिंतीला साहेब लोक 'नॅचरल फायबर कॉम्पोझिट' म्हणतात. मला ते म्हणायला महिना लागला, करायला मात्र लहानपणापासून येतं. आत तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड, तो लोखंडी जाळीचं काम करतो. वरून गारा, म्हणजे माती, अंबाडीचा कातरलेला वाख आणि गव्हाचं भुस्कट. वाखाचे धागे भिंतीला तडा जाऊ देत नाहीत. भुस्कटात हवा अडकते, मग बाहेरचं ऊन बाहेरच राहतं.

चूक माझीच. भुस्कट पाखडून घ्यायचं असतं, दाणा राहू नये म्हणून. घाईत मी मळणीयंत्राखालचं तसंच पोत्यात भरलं. तरी उगवलं नसतं. पण धूळ येते म्हणून तिथल्या इंजिनिअर जोशी साहेबांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. भिंत ओलीच राहिली. ओल मिळाल्यावर गहू कुणाचं ऐकतो?

साहेब आले. "मावशी, हे काय शेत केलंय?"

"खिडक्या उघडा साहेब. आठ दिवसांत आपोआप वाळंल."

"आठ दिवस कुठून आणू? वरून प्लास्टिक पेंट मारून टाका."

"ओल आत कोंडली की तुराट्या कुजतात. मग गारा खाली बसणाऱ्यांच्या डोक्यावर."

"ते पास झाल्यावर बघू."

"मी नाय मारणार."

"मग दुसरी टोळी बघतो," म्हणाले आणि गेले.

आम्ही खिडक्या उघडल्या आणि मेथी खुडावी तसा गहू खुडायला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन भिंती झाल्या. तेवढ्यात मॅडम आल्या, एक दिवस आधीच. मागं जोशी साहेब, चेहरा चुन्यासारखा.

मॅडमनी चौथ्या भिंतीवरून हात फिरवला. "जोशी, ग्रीन वॉल! हे प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं!"

"सरप्राइज ठेवलं होतं, मॅडम."

"आणि या तीन बोडक्या का?"

"त्या फेज टूमध्ये."

मला राहवलं नाही. "मॅडम, ही माझी चूक हाय. भुस्कट पाखडलं नव्हतं."

"किती साध्या आहेत या!" मॅडम म्हणाल्या आणि माझ्यासोबत फोटो काढला. सहा खोल्या जागच्या जागी मंजूर. अट एकच, भिंत कायम हिरवी पाहिजे, रोज पाणी मारायचं.

दुसऱ्या दिवशी माळी पाइप घेऊन हजर. मी दारात आडवी बसले. "मारायचं तर माझ्यावर मार."

"आजी, मला ऑर्डर हाय."

साहेब धावत आले. मी विचारलं, "साहेब, मॅडमनी हिरवी भिंत मागितली. ती खोलीचीच पाहिजे असं लिहून दिलंय का?"

साहेबांनी मंजुरीचा कागद काढून दोनदा वाचला. शेवटी इंजिनिअर माणूस. "गेटजवळ जागा आहे," म्हणाले.

दोन दिवसांत गेटजवळ एक सुटी भिंत उभी केली. तिच्या गाऱ्यात मुद्दाम पायलीभर गहू घातला. माळी रोज पाणी मारायचा, पाहुणे फोटो काढायचे. तिसऱ्या महिन्यात ती मटकन खाली बसली, तेव्हा शेजारी फक्त कुंड्या होत्या. खोल्या सातही उभ्या आहेत, आत अजून गार लागतं.

या धंद्यात कोरडी भिंत टिकते आणि ओली भिंत पास होते. दोन्ही बांधता आल्या पाहिजेत. फक्त जिच्याखाली माणसं बसणार, ती कोरडी ठेवावी.