बंद मोबाईल द्या, टब घ्या

पलूसला आमच्या गल्लीत दुपारी एका फेरीवाल्याची मोटारसायकल भोंग्यातनं ओरडत यायची, "बंद मोबाईल द्या, टब घ्या!" फुटक्या मोबाईलवर कोरा टब देणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. म्हणून सिमकार्ड काढून घेऊनच मी माझा मोबाईल त्याला दिला. त्यानं तो नारळासारखा कानाशी हलवला आणि पोत्यात टाकला.

"काय करता यांचं?"

"मला काय म्हाईत? फुडं देतो."

"तुमचा नंबर द्या बरं."

"मी मोबाईल वापरत न्हाई."

"हा धंदा करून?"

"आवं, म्हणूनच," किक मारत तो म्हणाला. "बंद मोबाईलमधनं काय काय निघतंय, लय बघितलंय."

पोतं घेऊन गाडी वळली. माझ्या एका हातात टब होता, दुसऱ्यात सिमकार्ड.