खाटेवरचा मोठा कॅमेरा

चंद्रपूरकडचा फोटोग्राफर म्हटलं की बाहेरची माणसं पहिला प्रश्न विचारतात, वाघ काढता का? मी सांगतो, नाही, नवरदेव काढतो. वाघ निदान कुणी बोलावलं नाही तरी उजेडात येऊन बसतो. नवरदेवाला हाताला धरून आणावं लागतं, आणि तो नीट उभा राहिला की त्याची मावशी मध्ये येते.

मूल या गावी माझा लहानसा स्टुडिओ आहे. आजूबाजूला राईस मिल, त्यामुळे काच कितीही पुसा, तिच्यावर कोंड्याची धूळ बसलेलीच. इथून सावली गावापर्यंत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या गावांपर्यंत मी लग्नांचे फोटो काढत आलो. खांद्यावर बॅग, बॅगेत दोन मोठे कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश, बॅटऱ्या. एकदा आमचे शिंपीचाचा माप घेता घेता म्हणाले, "भाऊ, कपडा बराबर हाय. तुमीच एका बाजूनं खाली चालले." मी हसण्यावारी नेलं. पुढे एका सकाळी शर्टाच्या बाहीत हातच जाईना.

डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. मी म्हणालो, आमचा धंदाच वजनाचा. ते म्हणाले, मग धंदा बदला. सांगायला त्यांचं काय जातं! पण रात्ररात्र खांदा ठणकत होता, तेव्हा मीही तोंड पाडून पेंटरला सांगून ठेवलं की बोर्डावरचं 'लग्नाचे फोटो' पुसायचं आणि तिथे 'झेरॉक्स, लॅमिनेशन' लिहायचं. पेंटर म्हणाला, हंगाम संपला की येतो.

बायकोला हे पसंत नव्हतं. "दुकानात बसून राह्यले तं आणखीन चिडखोर होसान," ती म्हणाली. "ते नवीन पोरं लहान कॅमेरे घेऊन फिरून राह्यले, तुमाले काऊन नाई जमत?"

जमत नव्हतं असं नाही, मला ते कॅमेरे आवडत नव्हते. आत आरसाच नाही, म्हणून अंगानं लहान, वजनानं हलके, आणि वरून मुके. जुन्या कॅमेऱ्याचा खट् आवाज आला की मला काम केल्यासारखं वाटायचं. पण खांद्यापुढे कुणाचं चालतं? एक जुना कॅमेरा आणि चांगल्या लेन्सा बदल्यात देऊन मी एक मिररलेस आणला, सोबत मुठीत मावतील अशा दोन लेन्सा. सगळा संसार बायकोच्या भाजीच्या पिशवीत बसला. दुसरा जुना कॅमेरा आतून मेलेला होता, तो कुणी घेतला नाही. दिसायला मात्र अजून राजबिंडा, म्हणून कपाटात ठेवून दिला.

नव्यानं आधी मला रडवलं. त्याला बॅटऱ्या पुरत नव्हत्या. एका दुकानाच्या उद्घाटनाला मुका शटर वापरला, तर एलईडीच्या दिव्यांखाली पाहुण्यांच्या तोंडावर पट्टे उमटले. ग्रुप फोटोत आवाज न आल्यामुळे लोक श्वास धरून तसेच उभे राहायचे, म्हणून मी जिभेनं टक् करायला लागलो. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. पडद्यावर एक लहानसा चौकोन माणसाचा डोळा शोधतो आणि सापडला की तिथेच थांबतो. तेवढ्यासाठी मी त्याचं बाकीचं सहन केलं.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं मोठं लग्न सावलीजवळच्या गावचं होतं. नवरीचे वडील तलावात मासे धरणारे, आई धानाच्या रोवण्याला जाणारी. थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. धाकटीचा फोन आला.

"काका, ताईच्या अल्बममदी आईचे डोळे कुठीच उघडे नाई. माह्या लग्नात एक तरी फोटो चांगला काढून द्या. मी पुण्याले चालली, मले संग न्यायचा हाय."

तिचं खरं होतं. त्या बाई एरवी मोकळ्या, बोलक्या. पण मी कॅमेरा तोंडाला लावला की श्वास धरून उभ्या राहायच्या आणि खट् व्हायच्या आत डोळे गच्च मिटायच्या. फ्लॅश असो की नसो. मी पोरीला हो म्हणालो आणि मनात ठरवून टाकलं, हा फोटो मिळाला तर या लहान कॅमेऱ्यावर पुढचा हंगाम करायचा. नाही मिळाला तर पेंटरला येऊ द्यायचं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात वडील वेळ ठरवायला दुकानात आले. येताना रोहू मासा घेऊन आले. टेबलावरचा कॅमेरा त्यांनी उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"भाऊ, मोठा कॅमेरा कुठी हाय?"

"आता हाच मोठा."

"हा तं लेकराचा खेळणा दिसून राह्यला. वऱ्हाडातले लोक काय म्हनतीन?"

त्यांचा राग आला आणि पटलंही. लग्नघरात कॅमेऱ्यावरून घराची ऐपत मोजतात, हे मला त्यांच्याआधी माहीत होतं. मग मी एक शहाणपणा केला. लग्नाच्या दिवशी कपाटातला मेलेला कॅमेरा काढला, त्याला बुरशी धरलेली लांबलचक लेन्स लावली आणि ते धूड गळ्यात अडकवलं. नवा कॅमेरा पिशवीत. बायको दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टरले फोन लावू काय?"

हळदीला पोचलो. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, मागे तलाव, स्वच्छ ऊन. माझा गळा पाहून वडिलांची छाती फुगली, आणि तोच गळा पाहून आईचे डोळे मिटले. मी लहान कॅमेऱ्यानं टिपायला जावं, तर बाईंची नजर माझ्या छातीवरच्या धुडाकडे जायची आणि त्या आखडून उभ्या राहायच्या. हळद लावताना डोळे मिटलेले, ओवाळताना मिटलेले. पोरगी माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो. खांद्यात तर अशी कळ निघाली की मी दात खाऊन उभा होतो. शोभेचं ओझं वाहून आपण उद्या खरोखरच झेरॉक्स काढत बसणार, असं वाटून स्वतःचाच भयंकर संताप आला.

शेवटी नाद सोडला. तो मेलेला कॅमेरा गळ्यातून काढून मांडवाच्या कडेला खाटेवर ठेवला आणि मीही तिथेच टेकलो. लहान कॅमेरा मांडीवर.

बाईंनी खाटेकडे पाहिलं. "झाले काय भाऊ फोटो?"

"झाले, बाई."

"मंग चहा घ्या," असं म्हणून त्यांनी खांदे सोडले. इतक्या वर्षांत त्यांचे खांदे सुटलेले मी पहिल्यांदा पाहत होतो. त्या मुलीजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या गालावरच्या हळदीत चिकटलेले केस एकेक करून सोडवू लागल्या. मुलगी काहीतरी पुटपुटली. दोघी हसल्या.

मी मांडीवरच्या कॅमेऱ्याचा पडदा वर वळवला. चौकोन आधी मुलीच्या डोळ्यावर गेला, मग बाईंच्या हातातल्या बांगड्यांवर घुटमळला, आणि मग त्यांच्या डोळ्यावर येऊन थांबला. मी बटण दाबलं. आवाज नाही. त्या हसतच होत्या. पुन्हा दाबलं. तरी हसतच होत्या. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी विचारलं, काय झालं भाऊ? मी म्हणालो, डोळ्यांत हळद गेली.

त्यानंतर दिवसभर मोठा कॅमेरा खाटेवरच पडून होता. कुणीतरी त्याच्यावर दुपट्टा ठेवला, मग पाहुण्यांचे नारळ. संध्याकाळी वडिलांच्या ते लक्षात आलं.

"भाऊ, मोठा कॅमेरा काऊन ठेवला?"

"थकला. आराम करून राह्यला."

ते हसले नाहीत. वरातीत त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या खेळण्याकडेच होतं.

अल्बम तयार झाल्यावर मी स्वतः घेऊन गेलो. पिशवी चांगल्या खांद्यावर होती. मुलगी पुण्याला गेली होती, तिला तो फोटो आधीच पाठवला होता. वडिलांनी अल्बम मांडीवर घेतला आणि एकेक पान बघत गेले. हळदीच्या पानावर थांबले. मग बायकोला हाक मारली.

बाई पदराला हात पुसत आल्या, वाकून बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे डोळे तं माह्या मायचे होय," त्या म्हणाल्या. "तिचा एकबी फोटो नाई आमच्याजवळ."

त्यांनी कागदावर, आपल्याच डोळ्यांवर बोट टेकवलं. वडिलांनी उगाच घसा खाकरला, बाहेर तलावाकडे पाहिलं, आणि मी जायला निघालो तसे माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आले.

"दिवाळीनंतर पोराचं लगन हाय, भाऊ. येसान न?"

"येईन की."

"एकटेच या मंग. तो मोठावाला घरीच राहू द्या. पोराची माय डोळे मिटते."

मूलला पोचायच्या आधी, वाटेतल्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवून मी पेंटरला फोन केला. म्हटलं, ये तू, पण काही पुसू नको. 'लग्नाचे फोटो' ही अक्षरं फिकी झालीत, तेवढी पुन्हा गडद कर.